बाभूळवाडीच्या पाटीवरचा चार

ज्या रस्त्याने लोक हैदराबादला जातात, त्या रस्त्यावर मी सहा दिवस काढले आणि हैदराबाद काही पाहिलं नाही. परत आल्यापासून आमच्या गल्लीत जो तो विचारतो, "काय पेंटर, चारमिनार पाहिला का?" मी म्हणतो, "मिनार नाही, नुसता चार पाहिला." लोकांना वाटतं, टर्पेंटाइनचा वास याच्या डोक्यात गेला. एकेकाला समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

आधी माझी ओळख. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील मागावर चादरी विणायचे, आजोबाही तेच. घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी. मी मागावर बसायच्या ऐवजी चादरींच्या कागदी नमुन्यांवर रंग भरत बसायचो. शेवटी वडील म्हणाले, "याचे हात धाग्याचे नाहीत," आणि एका पेंटरकडे नेऊन सोडलं. त्याला आता वीस वर्षं झाली. दुकानांच्या पाट्या, लॉऱ्यांच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवून झालं. बढाई वाटली तर वाटो, पण सोलापुरात कुठल्याही पेठेत जाऊन पाटीवरचा चार बघा, माझा असेल तर लांबून ओळखू येतो. बाकीचे पेंटर चाराचे दोन हात वर मोकळे सोडतात, पोलिसाने बंदूक रोखल्यावर चोराने वर करावेत तसे. मी ते आत वळवतो, इतके की टोकाला टोक लागतं न लागतं. मिटलेली कमळकळीच. घराचा नंबर चौदा असलेला एक गृहस्थ माझ्याकडूनच आकडा लिहून घ्यायचा म्हणून महिनाभर बिननंबरी राहिला होता.

तर यंदाचीच गोष्ट. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. दुष्काळी कामावर आपल्याच लोकांनी खडी फोडली, हैदराबादचा रस्ता रुंद झाला, वर डांबर पडलं. जिथे लॉऱ्या धक्के खात जायच्या, तिथे त्या सुसाट पळायला लागल्या. मग रस्त्याकाठच्या गावांतून अर्ज सुरू झाले, की गाडीवाल्यांना आवरा. म्हणून गावोगावी वेगमर्यादेच्या पाट्या लावायचं ठरलं. खांब आणि पांढरे पत्रे आधीच उभे केले होते. त्यांवर लाल कडा काढायची आणि आकडा लिहायचा, हे काम माझ्याकडे आलं. सोबत एक जीप, तिचे ड्रायव्हर इस्माईलभाई, आणि ओव्हरसियर साहेबांनी सही करून दिलेली यादी. कुठल्या गावाला कोणता आकडा ते तिच्यात होतं.

निघताना आईने कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली आणि दारात येऊन म्हणाली, "मेल्लगा पो, नायना." म्हणजे हळू जा रे बाळा. मी कोपऱ्यावर पान खायला निघालो तरी ती हेच म्हणते, त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोमवार, बोरामणी

इस्माईलभाई पन्नाशीचे. डोक्यावर लोकरीची कानटोपी, गालात पान. जीपला ते मानाने 'बी', म्हणजे बाईसाहेब, म्हणतात आणि घाटात तिची समजूत घालतात. मोकळ्या रस्त्याला ते चाळीसच्या वर गेले नाहीत, आणि गाव आलं की पहिलं घर दिसायच्या आधीच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. बोरामणीच्या अलीकडे तर रस्त्यावर फक्त एक कोंबडी होती. तिच्यासाठी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली.

मी म्हणालो, "भाई, कोंबडी उडाली असती की."

"पेंटरसाब, कोंबडी दिसली की तिच्या मागं बाई असते. बाईच्या मागं लेकरू असतंय. मी कोंबडीसाठी नाही थांबलो." त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "आन एक सांगतो. रस्त्याचा आकडा कधी एक नसतो. सकाळचा वेगळा, बाजारच्या दिवशी वेगळा. धुकं असलं तर आणखी वेगळा. तुमच्या यादीत कसं लिहिणार ते?"

"यादीत एकेकच आकडा आहे," मी म्हणालो. मला तेव्हा त्यांचं बोलणं म्हातारपणाची सबब वाटलं.

बोरामणीला हॉटेलसमोर गरम भजी खाल्ली आणि पाटीला हात घातला. लोक जमले. पाटीवर लाल वर्तुळ उमटायला लागलं की लोक जमतातच. पण मी चार काढायला घेतला तेव्हा गलका थांबला. एक म्हातारा म्हणाला, "आक्षी फूल काढलं की वो." खाली कोपऱ्यात बारीक ब्रशने मी माझी सही केली, 'पेंटर नरसू, सोलापूर'. सरकारी पाटीवर सही करायची नसते हे मला माहीत होतं. केली.

मंगळवार, बाभूळवाडी

बाभूळवाडी म्हणजे पन्नासेक घरं. सगळी रस्त्याच्या दक्षिणेला, आणि शाळा उत्तरेला. एक लांब खोली, एक मास्तर, एक घंटा. मधे नवाकोरा, काळाभोर, सरळ रस्ता.

आम्ही पोचलो तेव्हा अकराचा सुमार होता. रस्त्याच्या मधोमध चाळिशीची एक बाई लाल फडकं घेऊन उभी होती. समोरून लॉरी आली. बाईने फडकं उंच धरलं. लॉरी करकचून थांबली. क्लीनरने काहीतरी अचकटविचकट म्हटलं असावं, कारण बाईने त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं. मग तिच्या मागून मुलांची रांग रस्ता ओलांडून गेली. सगळ्यात शेवटी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, एक पाय ओढत. ती पलीकडे पोचेपर्यंत बाईने फडकं खाली घेतलं नाही.

ती शेवंताबाई. आणि पाय ओढणारी ती तिची कुसुम. रस्ता गुळगुळीत झाल्या वर्षीच एका लॉरीने कुसुमला उडवलं होतं. पोर वाचली, पाय गेला तो गेलाच. तेव्हापासून सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला शेवंताबाई फडकं घेऊन रस्त्यात उभी राहत होती. माघ महिना होता. आगाप, म्हणजे लवकर पेरलेला, जोंधळा काढणीला आला होता, गाव दिवस उगवायच्या आत शिवारात जायचं ते दिवेलागणीला परतायचं. शेवंताबाईला मात्र जाता येत नव्हतं. रान लांब, दोन कोस. अकराला आणि पाचला इथे हजर राहायचं तर सुगीवर जाणार कधी?

"ह्या रस्त्याची खडी मी फोडलीया," ती मला म्हणाली. "हितनं त्या वडापतुर. घमेलं डोईवर हुतं अन ही पोर कडंला खड्यांनी खेळायची. आता माज्या खडीवरनं जाणाऱ्यानं माजं ऐकायला नको व्हय?"

मी यादी काढली. बाभूळवाडी, चाळीस.

ती हसली. "दिसभर चाळीस? पोरं काय दिसभर रस्त्यावर असत्यात? शाळा भरताना अन सुटताना म्हसरागत चालायला पायजे गाड्यांनी. मग दुपारच्याला पळू द्या की तेस्नी, आमचं कुटं काय म्हणनं हाय?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"बाई, यादीत एकच आकडा आहे. पण काळजी करू नका. सरकारची पाटी आहे, वर माझ्या हाताचं अक्षर आहे. उद्यापासून फडकं ठेवून द्या आणि खुशाल सुगीवर जा." हे मी बोललो. माझे शब्द मला आठवतात, कारण पुढे तीन दिवसांनी तेच माझ्यावर उलटले.

गावाच्या दोन्ही टोकांना दोन पाट्या. मी जीव ओतून रंगवल्या. गावासाठी म्हणून चार आणखी जरा देखणा काढला, हात इतके वळवले की टोकं एकमेकांना टेकली. शेवंताबाईला वाचता येत नव्हतं. ती पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली, मग तिने फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली. जाताना आमच्या जीपमध्ये उशिरा पेरलेल्या मागास रानातल्या हुरड्याची कणसं ठेवली. ती आम्ही पुढे एका बाभळीखाली भाजून खाल्ली, शेंगाचटणीबरोबर. इस्माईलभाई म्हणाले, "या हुरड्याला जागायला पायजे, पेंटरसाब." मी तोंड भरलेलं असल्याने नुसती मान हलवली.

बुधवार, गुरुवार, नळदुर्ग

नळदुर्गला दोन दिवस होतो. किल्ला मी आधी पाहिला नव्हता. बोरी नदी किल्ल्याच्या आत अडवून वर महाल बांधला आहे आणि पाणी त्याच्या अंगावरून खाली पडतं. माघात पाणी बेताचंच होतं, तरी मी तासभर बघत बसलो. इस्माईलभाईंनी बुरुजावर नमाज पढली आणि परत येऊन म्हणाले, "चारशे साल झाले, भिंत हलली नाही. आपला डांबर दोन पावसात उखडतो." काम चोख असलं की ते कोणाचंही असो, माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

इकडची भाकरी आमच्यापेक्षा जाड. आमटीत तिखट आमच्यापेक्षा जास्त, आणि आम्ही सोलापूरकर तिखटाला घाबरतो असं कोणी म्हणू नये. एका खानावळीत मी पाणी मागितलं तर वाढणारी बाई म्हणाली, "आदी भाकर खा, मग पानी. पान्यानं पोट भराय आलाव व्हय?"

शुक्रवार, उमरगा

उमरग्याला दुपार झाली. हा सगळा मुलूख तीन भाषांच्या तिठ्यावर आहे. हॉटेलवाला कानडी. त्याने उकळता चहा पुढे केला आणि म्हणाला, "निधान, निधान." मी चमकलो. आपल्याकडे निधान म्हणजे खजिना. चहाचा एवढा काय अभिमान? इस्माईलभाई हसले. कानडीत निधान म्हणजे हळू. जिभेला चटका बसल्यावर मला ते पटलं.

शेजारच्या बाकावर एक लॉरीवाला बसला होता, यादगिरी नावाचा. हैदराबादहून सोलापूरला माल घेऊन निघालेला. माझी तेलुगू ऐकून तो खूश झाला. सोलापूरची तेलुगू ऐकून हैदराबादकडचे लोक आधी हसतात, मग जवळ सरकतात. तोही सरकला. म्हणाला, "अन्ना, तुमच्या मुलखातलं सरकार लई चांगलं झालं बघ. परवा जाताना पाहिलं. एका गावाला नवीन पाट्या लागल्यात. आमच्याकडं जिकडंतिकडं हळू जा, हळू जा. तिथं मात्र गावातनं एनभैनं जा म्हणतात!"

तेलुगूत एनभै म्हणजे ऐंशी.

"कुठल्या गावाला?" मी विचारलं.

"बाभळीची झाडं आहेत. अलीकडं शाळा आहे. माझी गाडी कसली एनभै धावते, पण सरकारच सांगतंय म्हटल्यावर मी साठपर्यंत ताणली. पाटी काय सुरेख आहे, अन्ना! पुढच्या गाड्याही तशाच जात होत्या."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "तिथं नलभै आहे. चाळीस."

त्याने चहा सांडलेल्या फळीवर बोटाने आकडा काढून दाखवला. इंग्रजी आठ, पुढे शून्य. मग मी त्याच्या शेजारी माझा चार काढला, बाभूळवाडीला काढला तसा, टोकं टेकवून. दोन्ही आकडे एकच होते. बाकीच्या गावांत टोकांमध्ये निदान फट होती, बाभूळवाडीला मी तीही मिटवली होती.

माणूस वीस वर्षं ज्याच्यावर ऐट करतो, तेच फळीवरच्या चहात त्याला वाकुल्या दाखवायला लागतं, तेव्हा काय वाटतं हे मला नीट सांगता येणार नाही. बिचाऱ्याला नागरी वाचता येत नव्हती. वरची 'वेगमर्यादा' ही अक्षरं त्याच्या दृष्टीने वेलबुट्टी होती. गाडीच्या काट्यावर, नंबरप्लेटवर तो रोज इंग्रजी आकडे बघतो, तेवढेच त्याचे. साध्या पेंटरने उघडा चार काढला असता तर तो थबकला असता, विचारात पडला असता. माझ्या देखण्या चाराने त्याला विचारच करू दिला नाही. आणि त्या रस्त्यावर निम्म्या लॉऱ्या तेलुगू आणि कानडी मुलखातल्या. आणि मी, तेलुगू आईच्या पोटचा, हे विसरलो होतो.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि मी उठून उभाच राहिलो. शेवंताबाई सुगीवर होती. मी पाठवली होती.

हॉटेलातल्या घड्याळात अडीच वाजले होते. शाळा पाचला सुटणार.

परतीची वाट

"भाई, जेवढी पळेल तेवढी पळवा," मी जीपमध्ये बसत म्हणालो. यादगिरीला सांगितलं, आमच्या मागे ये, आम्हाला ओलांडू नको. कारण विचारायला तो थांबला नाही. माझं तोंड बघून त्याला कळलं असावं.

इस्माईलभाईंनी जीप चाळीसवर नेली आणि तिथेच ठेवली.

"भाई!"

"पेंटरसाब, कायकू चिल्लाते? वाटेत किती पाट्या आहेत? तुम्हीच रंगवल्या ना? तुमच्या पाटीला तुम्हीच मान दिला नाही तर यादगिरीनं का द्यावा?"

"तिथं पोरं आहेत!"

"हितंबी आहेत." समोर एक गाव येत होतं. त्यांनी पाय उचलला. "आन आपण खड्ड्यात गेलो तर तिथली पाटी कोण बदलनार?"

मी तोंड फिरवून बसलो. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना. नळदुर्गच्या पुढे कडब्याच्या गाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडी घरासारखी उंच, रस्ताभर फुगलेली. तिच्यामागे ते बैलाच्या चालीने चालले. गाड्या संपल्या तर मेंढरं. मेंढरांत तर ते गाडी बंदच करून बसले. धनगराने हात वर केला, यांनी हात वर केला, जणू सोयरे भेटले. मग मोकळा रस्ता लागला. मागे वळून पाहिलं, यादगिरीची लॉरी होती. पुढे दोन्ही बाजूंना लांबपर्यंत झाड नाही, माणूस नाही. आणि तिथे, आयुष्यात पहिल्यांदा असावं, इस्माईलभाईंनी 'बी'ला पळवलं. जीप थरथरायला लागली, मागे रंगाचे डबे वाजायला लागले. काटा किती दाखवत होता ते मी पाहिलं नाही. पुढे पहिली कोंबडी दिसली आणि पाय पुन्हा वर.

तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळलं. हा माणूस हळू चालवतच नव्हता. रस्ता जेवढं सांगेल तेवढं चालवत होता. यादीतला एक आकडा दिवसभर धरून बसलो होतो तो मीच.

बाभूळवाडीला पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. मास्तर शाळेच्या दारातच उभे होते. आम्हाला बघून धावत आले. म्हणाले, आज सकाळी अकराला एक लॉरी इतक्या वेगाने आली की मुलं जीव घेऊन पळाली. कुसुमला पळता आलं नाही. मास्तरांनी हाताला धरून तिला मागे ओढलं. तिच्या हातातली पाटी रस्त्यावर पडली, चाकाखाली गेली. शेवंताबाई रानात, तिला अजून पत्ता नाही. आता मुलं घरी कशी सोडावी या चिंतेत ते होते.

पाटीचे तुकडे तिथेच होते. काळे, चकचकीत, डांबरात रुतलेले. माझ्या पाटीने पोरीची पाटी फोडली होती. मी वाकून एक तुकडा उचलला. त्यावर खडूने काढलेला अर्धा आकडा होता. कुठला होता कोण जाणे.

घंटा व्हायची वेळ झाली. समोरून, सोलापूरच्या बाजूने, एक लॉरी येताना दिसली. मी जीपमधलं रंग पुसायचं फडकं घेतलं. ते पाच दिवसांच्या लाल रंगाने कडक झालं होतं. ते उंच धरून मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, शेवंताबाई उभी राहायची तिथेच. लॉरी मोठी मोठी होत आली. ती बाई दोन वर्षं, रोज दोनदा, इथे कशी उभी राहिली?

मागून मोठा आवाज आला. यादगिरीने त्याची लॉरी वळवून रस्त्यात आडवी लावली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आता हैदराबादच्या बाजूने मुंगीसुद्धा येणार नव्हती. तो खाली उतरला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. माझ्या बाजूची लॉरी फडक्यासमोर थांबली. मास्तरांनी घंटा दिली. मुलं निघाली. शेवटी कुसुम, पाय ओढत, रिकाम्या हाताने. ती पलीकडे जाईपर्यंत दोन्ही बाजूला एकानेही हॉर्न वाजवला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही शाळेतच राहिलो. मी टर्पेंटाइनने दोन्ही पाट्या पुसल्या. आकडा गेला, त्याबरोबर कोपऱ्यातली सहीही गेली. ती मीच घासून काढली. इस्माईलभाईंनी जीपच्या हत्यारपेटीच्या झाकणाच्या दोन बिजागऱ्या सोडवल्या. जास्तीचे दोन पत्रे होते. ते बिजागरीवर असे बसवले की पुस्तकाच्या पानासारखे उलटावेत. एका बाजूला वीस, उलटलं की चाळीस. मास्तर म्हणाले, "घंटेबरोबर पान उलटायचं काम माझं." शाळा भरताना वीस, सगळी आत गेली की चाळीस. सुटताना पुन्हा वीस. आकडे मी नागरीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिहिले. आणि चार? हात मोकळे सोडले. चोर तर चोर.

मग खाली लिहायचं 'हळू', आणि तेच तेलुगूत. ब्रश हातात घेतला आणि थांबलो. मला तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. आमच्या शाळेत शिकवलीच नव्हती. चाळीस वर्षं आई रोज जो शब्द माझ्या पाठीमागे म्हणते, तो मला लिहिता येत नव्हता. यादगिरी तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. त्याने कुसुमच्या फुटक्या पाटीशेजारचा खडू उचलला आणि पत्र्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहून दिलं. मेल्लगा. मी त्याच्या प्रत्येक वळणावरून ब्रश फिरवला. इतक्या काळजीने मी कधी अक्षर काढलं नव्हतं. कानडी 'निधान' त्याच्या क्लीनरला येत होतं, तो बिदरचा. तेही लिहिलं.

ओव्हरसियर साहेबांचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. ते आधी भडकले. यादीत एक आकडा असताना दोन कसे? मग स्वतः जाऊन शाळा सुटताना उभे राहिले, परत आले, आणि यादीत बाभूळवाडीसमोर स्वतःच्या हाताने दुसरा आकडा लिहिला. आता पुढच्या चार गावांनी पान उलटणारी पाटी मागितली आहे.

शनिवारी सकाळची शाळा. शेवंताबाईला रात्रीच सगळं कळलं होतं. ती पहाटे सुगीवर गेली नाही. फडकं हातात घेऊन, पण रस्त्याच्या कडेला, ती उभी राहिली. मी तिची नजर टाळत होतो. मास्तरांनी पान उलटलं आणि घंटा दिली. तेवढ्यात हैदराबादकडून एक लॉरी आली. आंध्रची. दुरून तिचा आवाज बदलला, गिअर पडला, आणि ती बैलगाडीसारखी डुलत पुढे आली. मुलं ओलांडत होती तर मधे थांबलीसुद्धा. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून पाटी वाचली, ओठ हलवून. मेल्लगा.

शेवंताबाई पाटीजवळ आली. एकेका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"हळू."

"अन हितं?"

"तेच. तेलुगूत."

"अन ह्ये?"

"तेच, कानडीत."

तिने लाल कडेवरून बोट फिरवलं, मग हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "म्हंजे माजं फडकंच लिवलंय की तुमी," ती म्हणाली. "तीन भाषांत." आणि फडक्याची घडी करून तिने शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या कुसुमच्या दप्तरात टाकली, नवी पाटी घेतली की पुसायला. विळा उचलला आणि रानाच्या वाटेला लागली.

इस्माईलभाईंनी जीप सुरू केली. मी त्यांना थांबायला सांगितलं. डब्यातून बारीक ब्रश काढला, कोपऱ्यात बसलो, आणि सही केली.